फोन, कॅमेरा, पाण्याची मोटार आणि दाराचे कुलूप : ओळख पटवण्याच्या पद्धतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत गावोगावच्या वाचनालयांत आणि सोसायट्यांच्या कार्यालयांत मोबाईल-सुरक्षेचे वर्ग घेतल्यानंतर जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. फोनच्या कंपनीनुसार सेटिंग्जमधील नावे थोडी वेगळी असू शकतात.

1. “ओळख पटवणे” म्हणजे फोन नेमके काय करतो?

समोरची व्यक्ती खरोखर मालकच आहे, याची खात्री उपकरण तीन प्रकारच्या पुराव्यांवरून करून घेते: माहीत असलेली गोष्ट (पिन, पॅटर्न, पासवर्ड), जवळ असलेली वस्तू (सिम, कार्ड, नोंदवलेला फोन) आणि अंगची खूण (बोटाचा ठसा, चेहरा). एटीएममध्ये कार्ड आणि पिन दोन्ही लागतात, कारण दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकाच चोराच्या हाती एकाच वेळी पडणे अवघड असते. पासवर्डनंतर आईचे माहेरचे आडनाव विचारणे याला दुहेरी ओळख म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी “माहीत असलेल्या” प्रकारातल्याच आहेत, आणि गावात आईचे माहेर कोणाला ठाऊक नसते?

पुढच्या अनेक उत्तरांत येणारा एक मुद्दा येथेच सांगून ठेवतो. प्रत्येक पद्धतीला एक पर्यायी वाट ठेवलेली असते. बोट उमटले नाही तर पिन, पासवर्ड विसरला तर ओटीपी, कुलूप उघडले नाही तर किल्ली. कुलूप कितीही भारी असले तरी चोर याच वाटेने येतो, म्हणून नवी पद्धत सुरू करण्याआधी “ही चालली नाही तर उपकरण दुसरे काय मागेल?” हे पाहून घ्यावे.

2. पिन, पॅटर्न आणि पासवर्ड यांपैकी काय ठेवावे?

बहुतेकांसाठी आमचे उत्तर सहा आकडी पिन हे आहे. चार आकडी पिनच्या 10,000 शक्यता होतात, सहा आकडीच्या 10 लाख. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या 3,89,112 शक्यता असतात, परंतु माणसे प्रत्यक्षात कोपऱ्यापासून सुरू होणारी चार-पाच ठरावीक वळणेच वापरतात. शिवाय बोट फिरल्याचा माग काचेवर राहतो आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या लक्षात आकड्यांपेक्षा आकृती लवकर बसते.

पिन निवडताना जन्मसाल आणि 1234 टाळावे, हे बहुतेकांना माहीत असते. आपल्याकडे फार आढळणारी तिसरी सवय म्हणजे गाडीचा क्रमांक. गाडी एमएच 10 असो, एमएच 11 असो की कराडची एमएच 50, तिचे शेवटचे चार आकडे दारातल्या पाटीवर दिवसभर सगळ्यांना दिसतात. फोन उघडण्याचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच असणे ही याहूनही मोठी चूक आहे. यूपीआय पिनबद्दल आणखी प्रश्न 9 मध्ये लिहिले आहे.

3. माझ्या बोटाचा ठसा कंपनीकडे किंवा सरकारकडे जातो का?

फोन उघडण्यासाठी नोंदवलेला ठसा फोनबाहेर जात नाही. फोन बोटाचे छायाचित्र साठवत नाही. ठशातील रेषांची वैशिष्ट्ये गणिती स्वरूपात काढून ती प्रोसेसरच्या एका वेगळ्या, बंदिस्त भागात ठेवतो. ॲपला फक्त “जुळले” किंवा “जुळले नाही” एवढेच उत्तर मिळते, ठसा मिळत नाही. या नोंदीचा आधारशीही काही संबंध नसतो.

अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला चेहऱ्याने देतात (ही सोय नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली) किंवा रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लावला जातो, तेव्हा ती माहिती आधारच्या यंत्रणेकडे पडताळणीसाठी जाते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरांत माजी सैनिक असलेल्या गावांत हा फरक समजून घेणे विशेष गरजेचे आहे. आधारच्या ठशांबद्दल प्रश्न 10 मध्ये सविस्तर लिहिले आहे.

4. बोट लावून फोन उघडत असताना तो मध्येच पिन का मागतो?

हा बिघाड नाही, ठरवून ठेवलेली व्यवस्था आहे. फोन बंद करून चालू केल्यावर साठवलेली माहिती उलगडणारी किल्ली पिनमधूनच तयार होते, त्यामुळे पहिल्या वेळी पिन द्यावाच लागतो. आयफोन 48 तास उघडला नाही, किंवा ओळीने पाच वेळा बोट वा चेहरा जुळला नाही, तर तो पासकोड मागतो. अँड्रॉइडमध्ये साधारण 72 तासांत एकदा पिन मागितला जातो, आणि चेहरा ओळखण्याची पद्धत कमी दर्जाची असल्यास 24 तासांतच. पिन वापरात राहिला नाही तर माणूस तो विसरतो; असा अधूनमधून मागितल्याने तो लक्षात राहतो, हाही यातला एक फायदा आहे.

गर्दीत, प्रवासात किंवा कोणी जबरदस्तीने बोट लावून घेईल अशी शंका आल्यास बोट आणि चेहरा तात्पुरते बंद करता येतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटणाच्या यादीत “लॉकडाउन” हा पर्याय असतो. आयफोनमध्ये बाजूचे बटण आणि आवाजाचे एक बटण एकत्र दाबून धरून जे पडदे येतात, ते आल्यानंतर पासकोडच लागतो.

5. माझे बोट उमटतच नाही. हात कामाचे आहेत. काय करावे?

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हा आहे, आणि तो विचारताना अनेक जण संकोचतात. संकोचाचे काही कारण नाही, कारण दोष बोटाचा नाही. फोनचा सेन्सर त्वचेवरील उंचवटे आणि त्यांमधल्या खाचा यांतील फरक मोजतो. ऊस तोडताना कोयत्याच्या मुठीने आणि पाचटाने, हळद शिजवून पॉलिश करताना, बांधकामावर सिमेंटने किंवा विटा-खानापूर भागातील गलाई (सोने-चांदी गाळणाऱ्या) व्यावसायिकांच्या कामात आम्लाने हे उंचवटे झिजतात. वय वाढले की त्वचा कोरडी होऊन रेषा पुसट होतात. द्राक्षबागेत डिपिंग करताना (घड द्रावणात बुडवताना) किंवा महाबळेश्वरच्या पावसात अडचण उलटी असते: खाचांमध्ये पाणी भरते आणि सेन्सरला सारे सपाट भासते.

आधी कमी झिजणारे बोट निवडावे. उजव्या अंगठ्याऐवजी डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी बहुधा जास्त स्पष्ट उमटते. एकच बोट दोन वेळा, दोन वेगळी बोटे असल्यासारखे नोंदवले तर फोनजवळ त्याच्या अधिक बाजूंची माहिती जमते. ही युक्ती साधी असली तरी बहुतेकांना उपयोगी पडते. नोंदणी कामाच्या हंगामातच, हात धुऊन आणि पूर्ण कोरडे करून करावी. गावी सुट्टीला आलेले असताना मऊ झालेल्या हातांनी केलेली नोंद कामावर परतल्यावर चालत नाही.

पडद्याखालचा सेन्सर असेल तर काचेवरच्या कव्हरकडेही पाहावे. जाड टेम्पर्ड ग्लासमुळे ठसा नीट वाचला जात नाही, आणि क्वचित उलटा धोकाही होतो. 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी एस10 या फोनवर काही सिलिकॉन कव्हर लावल्यास नोंद नसलेल्या बोटानेही फोन उघडतो असे आढळले होते. कंपनीने नंतर सॉफ्टवेअर पाठवून ते दुरुस्त केले. कव्हर बदलल्यावर जुने ठसे काढून नव्याने नोंदवावेत आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचे बोट लावून एकदा पडताळावे.

एवढे करूनही जमले नाही तर बोटाचा नाद सोडून सहा आकडी पिन वापरावा. त्याने सुरक्षितता तसूभरही कमी होत नाही, कारण बोटामागे शेवटी पिनच उभा असतो.

6. चेहऱ्याने उघडणारा फोन माझा फोटो दाखवून उघडेल का? आणि आम्ही जुळे भाऊ आहोत, त्याचे काय?

हे फोनवर अवलंबून आहे. स्वस्त अँड्रॉइड फोन पुढच्या साध्या कॅमेऱ्याने चेहऱ्याचे सपाट चित्र पाहतात. त्यांतील काही चांगल्या छायाचित्राने फसू शकतात, आणि म्हणूनच अशा फोनवर बँकेची ॲप्स चेहरा स्वीकारत नाहीत, बोट किंवा पिनच मागतात. आपले बँकेचे ॲप चेहरा चालवून घेत नसेल तर आपल्या फोनची पद्धत कमकुवत आहे, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा. 2017 च्या आयफोन टेनपासून आलेली फेस आयडी ही पद्धत वेगळी आहे. ती 30,000 हून अधिक अदृश्य प्रकाशबिंदू चेहऱ्यावर टाकून त्याची खोली मोजते, त्यामुळे तिला फोटो चालत नाही आणि ती अंधारातही काम करते.

अनोळखी माणसाने फोन उघडण्याची शक्यता फेस आयडीसाठी दहा लाखांत एक, तर टच आयडीसाठी (आयफोनची बोटाच्या ठशाची पद्धत) 50,000 मध्ये एक, असे ॲपल सांगते. मात्र जुळी भावंडे, एकमेकांसारखी दिसणारी भावंडे आणि 13 वर्षांखालील मुले यांच्याबाबत चेहऱ्याचा हा आकडा लागू होत नाही, हेही कंपनीनेच स्पष्ट केले आहे. जुळ्या भावांनी चेहऱ्यावर विसंबू नये. बोटांचे ठसे जुळ्यांचेही वेगळे असतात.

7. मी झोपेत असताना मुलाने माझे बोट लावून फोन उघडला. त्याने स्वतःचे बोटही नोंदवले असेल का?

केवळ बोट लावून नवे बोट नोंदवता येत नाही; त्यासाठी पिन लागतो. मुलाला पिन माहीत असेल तर मात्र नोंदवता येते, आणि मग पिन बदलूनही त्याचे बोट चालूच राहते. म्हणून पिन बदलल्यावर नोंदवलेल्या बोटांची यादी उघडून पाहावी आणि अनोळखी नोंद काढून टाकावी.

याच कारणाने, नवे बोट नोंदवले की अनेक बँक-ॲप्स बोटाची सोय बंद करून पुन्हा ॲपचा पिन मागतात. आपण काहीही न करता ॲप असे वागू लागले, तर फोनमध्ये कोणीतरी नवे बोट नोंदवल्याची ती खूण असू शकते. चेहऱ्याच्या सेटिंग्जमध्ये “डोळे उघडे असणे आवश्यक” हा पर्याय असल्यास तो चालू ठेवावा.

8. ओटीपी कोणाला सांगितला नाही, तरी खात्यातून पैसे गेले. असे कसे होते?

साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे फोनमध्ये शिरलेले ॲप. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा सरकारी योजनेची यादी या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) येते. ती उघडून परवानग्या दिल्या की ते ॲप येणारे एसएमएस वाचून पुढे पाठवते. लग्नपत्रिका फाइल म्हणून आलीच तर ती छायाचित्र किंवा पीडीएफ असते. तिने ॲप बसवण्याची परवानगी मागितली तर ती पत्रिका नव्हे.

दुसरी वाट सिमची आहे. चोर आपल्या नावाने बनावट कागद देऊन त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळवतो. आपल्या फोनचे नेटवर्क अचानक जाते आणि ओटीपी त्याच्याकडे पोहोचू लागतात. डोंगरकपारीतल्या गावात रेंज जाणे नेहमीचे असते, त्यामुळे हे लवकर लक्षात येत नाही. शेजाऱ्यांच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याच फोनला नाही, असे झाल्यास दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीशी आणि बँकेशी बोलावे. सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हा नियम 1 जुलै 2024 पासून लागू आहे.

पैसे गेल्यास सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवण्यास क्षणाचाही उशीर करू नये, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. व्हॉट्सॲपमध्ये सहा आकडी “टू-स्टेप व्हेरिफिकेशन” आजच चालू करावे, म्हणजे केवळ ओटीपी मिळवून कोणाला आपले खाते घेता येणार नाही. ईमेलसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरता येते. त्यातील कोड फोनमध्येच तयार होतो, सहसा दर 30 सेकंदांनी बदलतो आणि सिमवर अवलंबून नसतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली किल्ली, याहून चांगली आहे. तिच्यात फोन संकेतस्थळाला गुप्त किल्ली पाठवत नाही, फक्त तिच्या साहाय्याने सही करून देतो. आणि ती किल्ली खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालत नाही.

9. वडिलांना यूपीआय जमत नाही, म्हणून त्यांचा पिन मी वापरतो. चालेल का?

पिन दुसऱ्याच्या हाती असला की उद्या वाद झाल्यास व्यवहार कोणी केला हे सिद्ध करणे अवघड होते. 2024 मध्ये आलेली “यूपीआय सर्कल” ही सोय नेमकी यासाठी आहे. खातेदार घरच्या व्यक्तीला जोडतो आणि एकतर दरमहा 15,000 रुपयांपर्यंत मर्यादा ठरवून देतो, किंवा प्रत्येक व्यवहार स्वतः मंजूर करतो. ऑक्टोबर 2025 पासून 5,000 रुपयांपर्यंतचे यूपीआय व्यवहार फोनवरील बोट किंवा चेहऱ्याने मंजूर करण्याची मुभाही मिळाली आहे. ही सोय घेणार असाल तर प्रश्न 7 मधील बोटांची यादी आधी तपासावी.

पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. बाजार समितीतला व्यापारी असल्याचे सांगून कोणी “पिन टाका, रक्कम जमा होईल” म्हणाले तर फोन ठेवावा.

10. आधारचा ठसा वापरून कोणी पैसे काढू शकते का?

गावातल्या केंद्रावर आधार क्रमांक आणि अंगठा देऊन खात्यातून पैसे काढता येतात, त्यामुळे ठशाची नक्कल करून फसवणूक झाल्याचे प्रकार देशात घडले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून एमआधार ॲपमधून किंवा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. रेशन किंवा दाखल्यासाठी ते तात्पुरते उघडता येते आणि ठरावीक मिनिटांत आपोआप पुन्हा बंद होते. यासाठी आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला असावा लागतो.

11. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. दुसऱ्या कोणाला माझी मोटार चालू करता येईल का?

येईल, आणि या उपकरणाकडे फारसे कोणी सुरक्षेच्या नजरेने पाहत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वीज रात्री येते आणि कराड-शिराळ्याच्या उसात बिबट्याची धास्ती असते. अशा वेळी घरबसल्या मोटार चालू होणे ही मोठी सोय आहे. साध्या स्टार्टरमध्ये एक सिम असते आणि ते आलेल्या कॉलचा क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहते. म्हणजे येथे “ओळख” ही फक्त कॉल करणाऱ्याचा क्रमांक एवढीच असते, आणि कॉल करताना दुसऱ्याचा क्रमांक दाखवण्याची लबाडी शक्य असते. काही स्टार्टर एसएमएसने आज्ञा घेतात. त्यांचा पासवर्ड कारखान्यातून येताना 1234 किंवा 0000 असा असतो आणि तो बसवणाऱ्याकडून बहुधा तसाच राहतो.

विहिरीत पाणी नसताना कोणी मोटार चालू ठेवली तर वाइंडिंग जळते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणून माहितीपुस्तिका पाहून पासवर्ड बदलावा, स्टार्टरमधील सिमचा क्रमांक घरच्यांपलीकडे कोणाला देऊ नये, जुन्या सालगड्याचा किंवा वाटेकऱ्याचा क्रमांक यादीतून काढावा आणि ड्राय-रन संरक्षण (पाणी नसल्यास मोटार आपोआप बंद करणारी सोय) चालू असल्याची खात्री करावी. हे संरक्षण चालू असले तर ओळख पटवण्यात चूक होऊनही मोटार वाचते. ॲपवर चालणाऱ्या स्टार्टरमध्ये प्रत्येकाला वेगळे खाते देता येत असेल तर तसेच द्यावे. कोणी कधी चालू केली याची नोंद राहते.

12. बेदाण्याच्या शेडवर कॅमेरे लावले आहेत. लावणाऱ्या माणसालाही ते दिसतात का?

बहुतेक वेळा दिसतात. कॅमेरा लावणारा सोयीसाठी स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या खात्यात नोंदणी करतो आणि नंतर आपल्याला “शेअर” करतो. अशा वेळी मालक तो असतो आणि आपण पाहुणे. ॲपमध्ये मालकाचे नाव पाहावे. आपले नसेल तर त्याच्या खात्यातून कॅमेरा काढायला लावून, तो रिसेट करून, आपल्या खात्यात नव्याने जोडावा. यात त्याचा वाईट हेतू असतोच असे नाही, पण उद्या त्याचा फोन हरवला तर आपली शेड दुसऱ्याला दिसेल.

दुसरी बाब रेकॉर्डरच्या पासवर्डची. 2016 मध्ये “मिराई” नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठहून अधिक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून जगभरचे लक्षावधी कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी कोणतीही अवघड तोडफोड करावी लागली नाही, कारण मालकांनी पासवर्ड बदललेलेच नव्हते. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यास बंदी आहे. आपल्याकडेही 2025 पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम आले आहेत, पण आधीच भिंतीवर लागलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आपणच बदलायचा आहे. राउटरमध्ये “गेस्ट” (पाहुण्यांसाठीचे वेगळे) नेटवर्क असेल तर कॅमेरे त्यावर ठेवावेत.

13. दाराचे स्मार्ट कुलूप, टीव्ही, स्पीकर आणि घड्याळ यांचे काय?

स्मार्ट कुलूप घेताना सेल संपल्यावर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय आहे का, हे पाहावे; कामवाल्या बाईंना कायमचा पिन देण्याऐवजी वेळेपुरता पिन द्यावा. सोबतची किल्ली कुंडीखाली ठेवली तर बोटाच्या ठशाला अर्थ राहत नाही. स्पीकर आवाज ओळखतो ती सोय समजावी, सुरक्षा नव्हे. ध्वनिमुद्रित आवाजाने तो फसू शकतो. टीव्हीवर पासवर्ड टाइप करण्यापेक्षा पडद्यावरील क्यूआर कोड फोनने स्कॅन करावा. घड्याळाला पिन ठेवला की ते मनगटावरून काढताच लॉक होते.

14. फोन दुरुस्तीला देताना दुकानदार पिन मागतो. द्यावा का?

शक्यतो देऊ नये. सॅमसंग आणि पिक्सेलच्या अनेक फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो. त्यात फोन तपासता येतो, पण आपले फोटो आणि ॲप्स दिसत नाहीत. तो नसेल तर समोर बसून दुरुस्ती करून घ्यावी. पिन द्यावाच लागला तर घरी येताच तो बदलावा आणि बोटांची यादी पाहावी.

15. फोन हरवला किंवा पुरात गेला, तर खात्यांत परत कसे शिरायचे?

2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै कृष्णाकाठच्या माणसांना विसरता येणारे नाहीत. कागदपत्रे माळ्यावर हलवण्याची तयारी जशी घरोघरी असते, तशी याचीही असावी. गुगल खात्यासाठी आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार आणि सातबाऱ्यासोबत ठेवावेत. फोनमध्येच ठेवले तर ते फोनसोबत वाहून जातील. ऑथेंटिकेटर ॲपचा बॅकअप चालू असल्याचे आधीच पाहून ठेवावे.

फोन चोरीला गेला असेल तर प्रथम सिम बंद करावे, मग बँकेला कळवावे आणि पोलीस तक्रारीनंतर “संचार साथी” संकेतस्थळावर आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) देऊन फोन ब्लॉक करावा. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर छापलेला असतो, म्हणून खोके फेकू नये.

फोनला पिन असूनही चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि आपले ओटीपी मिळवतो. ही वाट बंद करण्यासाठी “सिम पिन” असतो; सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की तो मागितला जातो. तो तीन वेळा चुकला की सिम पीयूके (अडकलेले सिम उघडणारा, मोबाईल कंपनीकडून मिळणारा) कोड मागते, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते. म्हणून पीयूके हाताशी असल्याशिवाय सिम पिन चालू करू नये.

16. वडील वारले. फोन त्यांच्या बोटाने उघडत होता आणि पिन कोणालाच माहीत नाही.

ही विचारणा येते तेव्हा घर दुःखात असते, म्हणून शक्य ते स्पष्ट लिहितो. फोनचा पिन कंपनीलाही ठाऊक नसतो, त्यामुळे तो सांगणारे कोणी नाही. दुकानात फोन “उघडून” देतात म्हणजे बहुधा रिसेट करतात. त्यात सर्व फोटो जातात, आणि नंतरही जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जातोच. रिसेटची घाई करू नये. फोटो अनेकदा गुगल किंवा आयक्लाउडवर असतात, आणि दोन्ही कंपन्या मृत्यूचा दाखला घेऊन वारसांच्या विनंतीचा विचार करतात. तोवर सिम चालू ठेवून रिचार्ज करत राहावे, कारण तो क्रमांक गेला तर खाते परत मिळवण्याची वाटही जाते.

पिन सापडला तरी त्या फोनवरून वडिलांच्या खात्यातील पैसे यूपीआयने काढू नयेत. खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे बँकेकडून, नामनिर्देशन किंवा वारसदाखल्याच्या आधारेच घ्यावे लागतात. अन्यथा भावंडांत आणि बँकेशी वाद उभा राहतो.

हयात असताना दोन सोयी करून ठेवता येतात. आयफोनमध्ये “लेगसी कॉन्टॅक्ट”, म्हणजे आपल्या मागे खात्यातील माहिती मिळणारी व्यक्ती, नेमता येतो. गुगलमध्ये “इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर” असतो, त्यात 3 ते 18 महिने खाते वापरले नाही तर ठरवलेल्या व्यक्तीला आपण निवडलेली माहिती मिळते. दोन्हींना दहा मिनिटे पुरतात, आणि आई-वडिलांच्या शेजारी बसून त्यांच्या फोनवर हे करून देता येते.